साठीनंतर नव्या शहरात आपलं माणूस कसं व्हायचं?

चिंचपोकळीची लेक

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी ६२ वर्षांची. यजमान गेल्यावर इंदूरचं घर आवरलं आणि बंगळुरूला मुलाकडे आले. व्हाइटफील्डच्या बाजूला मोठं गृहसंकुल आहे, तिथे राहतो. मुलगा-सून जीव लावतात, नातू गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नाही. घरात कशाचीच ददात नाही. माझा प्रश्न उंबऱ्याबाहेरचा आहे.

माझा जन्म चिंचपोकळीच्या चाळीतला. वडील मालवणकडचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. आई खानावळ चालवायची. तरुण मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. गिरणगावात हजारो कामगार बायकापोरं गावी ठेवून राहायचे. एकेका गावचे पंधरा-वीस जण मिळून एक खोली घ्यायचे. वळकट्या भिंतीला, ट्रंका माळ्यावर. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. जेवायला ही माणसं आमच्यासारख्यांच्या घरी. दहा बाय बाराच्या खोलीत आई पहाटे चारला स्टोव्ह पेटवायची. पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा आईलाही त्यातून बँकेचं कर्ज मिळालं आणि सावकार सुटला.

सातवीत असताना आईने खानावळीची वही माझ्या हातात दिली. तिला अक्षरओळख बेताची. डावीकडे खाली खाली नावं, वर तारखा. जेवला त्याची बरोबरची खूण, नाही जेवला त्याचा खाडा. महिनाअखेर खाडे वजा करून हिशेब. काम एवढंच. पण कुणाचे लागोपाठ दोन खाडे पडले की आई म्हणायची, "अगो, तो दोन दिस जेवूक नाय इलो. बग जा, ताप-बीप इलो की काय." मग मी पेजेचं भांडं घेऊन त्यांच्या खोलीवर. कितीतरी वेळा माणूस खरंच तापाने फणफणलेला असायचा आणि खोलीवर दुसरं कुणी नसायचं, बाकीचे पाळीवर गेलेले. त्या वहीमुळे चाळीत, गल्लीत, गिरणीच्या गेटवर मला सगळे ओळखायचे. कुणी गावाहून आलं की आधी मला सांगायचं, "उद्यापासून धर गो माका."

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हळूहळू एकेक जण गावी गेला आणि वहीत नुसते खाडेच खाडे. जे राहिले त्यांना आई उधारीवर जेवू घालत राहिली. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे नको.

१९८६ मध्ये लग्न होऊन इंदूरला, परदेशीपुऱ्यात आले. यजमान एका मिलच्या हिशेबखात्यात होते. इंदूरची मराठी घरं होळकरांच्या काळापासूनची, त्यांच्या गप्पांत चार-पाच पिढ्यांची नाती. हळदीकुंकवाला मला मानाने बसवायचे, "या मुंबईच्या" म्हणून. आणि माझी ओळख तिथेच संपायची. शेजारी उत्तर प्रदेशचे, राजस्थानचे, त्यांच्याशी हिंदी बोलताना जीभ अडखळायची. दोन वर्षं अशी गेली.

मग झांकी आली. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलवाल्यांच्या झांक्या निघतात. रोषणाईच्या गाड्या, त्यावर हलणारी चित्रं, पुढे आखाडे, आणि अख्खं शहर पहाटेपर्यंत रस्त्यावर. एकदा यजमानांचा डबा द्यायला मिलच्या आवारात गेले होते. द्रौपदीवस्त्रहरणाचा देखावा चालला होता. मोटरवर दोन रूळ फिरतात आणि साडी सुटतच राहते, अशी कल्पना. पण साडी दर फेरीला रुळात अडकायची. पाच-सहा जण डोकं धरून बसलेले. मी उभ्या उभ्या म्हटलं, कापडाची दोन्ही टोकं शिवून गोल करा म्हणजे ते संपणारच नाही, आणि शिवण तिरकी घ्या. सरळ शिवण रुळावर एकदम येते, तिथे जाडी होते, म्हणून अडकतं. तिरकी असली की ती थोडी थोडी करून सरकते. नायलॉनऐवजी मलमल घ्या, घसरणार नाही. शिवून पण मीच दिली, तिथेच पोत्यावर बसून. त्या रात्री राजवाड्यापर्यंत साडी एकदाही अडकली नाही.

पुढच्या वर्षापासून श्रावण लागला की निरोप यायचा, "भाभी को बुलाओ, कपड़े का काम है." पुतळ्यांना साड्या नेसवणं, राक्षसांचे अंगरखे, हत्तीची झूल. नव्वदच्या दशकात इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडल्या, यजमानांचीही पडली. झांकी थांबली नाही. पगार नसलेल्या माणसांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली आणि गाड्या काढल्या. त्या काळात मी इंदूरची झाले ती कायमची. माझी जीभही तेव्हाच सुटली.

आता बंगळुरू. संकुलात मराठी गट आहे, चांगली मुलं-मुली आहेत. गणपती पाच दिवस, पण मखर कंत्राटाने, प्रसाद केटररकडून, स्पर्धांची नोंदणी अ‍ॅपवर. मी मोदकांचं विचारलं, हार गुंफू का विचारलं. सगळे मनापासून म्हणाले, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेता, तुम्ही फक्त बसा." आरतीला मला पहिल्या रांगेत खुर्ची असते. घरी आले की मन खट्टू होतं. इंदूरच्या हळदीकुंकवातली ती पाहुणी परत झाल्यासारखं वाटतं.

माझं मत असं झालंय की आपल्यावाचून कुणाचं काहीतरी अडायला लागलं की आपण त्या जागेचे होतो. मानपान मिळून ते होत नाही. मग जिथे कुणाचं काहीच अडत नाही, सगळं पैसे टाकून दारात येतं, तिथे काय करायचं? हास्यक्लब, योगवर्ग, सकाळचं फिरणं चालू आहे, ते नका सुचवू. तुम्ही आयुष्यात कुठल्या जागेचे कसे झालात, ते सांगा. सविस्तर सांगा, मला वेळ आहे.

नंदानगरवाला

काकू, पाय लागू! मी नंदानगरचा, आता पिंपरीत नोकरीला. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून झांक्या पाहिल्यात. तुम्ही शिवलेला हत्ती पण बघितला असणार.

तुमच्या मुद्द्यात माझी एक भर. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद झाली. कामगारांच्या देण्याचा २२४ कोटींचा धनादेश मिळाला २५ डिसेंबर २०२३ ला. मधली बत्तीस वर्षं ती माणसं बंद मिलच्या गेटवर जमत राहिली, बैठका घेत राहिली. कित्येक जण वाट पाहता पाहता गेले, मग त्यांची मुलं, सुना येऊन बसायला लागल्या. तिथे करायला काम कुठलं उरलं होतं? मशिनं गेली होती, भोंगा गेला होता. तरी माणसं एकमेकांची होती. म्हणजे काही अडलं नाही तरी एका गेटवर एका वेळेला जाऊन बसत राहिलं, तरी आपलेपण येतं, असं मला वाटतं. ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ पाहिजे फक्त.

पिंपरीत आम्ही काही इंदुरी रविवारी सकाळी एका टपरीवर भेटतो. पोहे मिळतात, वर शेव आम्ही घरची नेतो. एवढ्यावर माझी पाच वर्षं निघाली.

बी.डी.डी. वरळी

ताई, तुमचं लिखाण मनापासून आवडलं, म्हणूनच थोडं वेगळं लिहितो. वाईट वाटून घेऊ नका.

माझे आजोबा पण गिरणीत होते, रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत. साचाखात्यात पगार जास्त होता, पण तिथे आमच्या लोकांना घेत नसत. कारण हे की मागावर आडवा धागा नेणारा जो धोटा, त्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि आमच्या तोंडाचा धोटा पुढच्याने तोंडाला कसा लावायचा? १९२८-२९ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. गिरण्यांत पिण्याच्या पाण्याचे माठसुद्धा वेगळे असायचे. तेव्हा खानावळीची वही वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा की माझ्या आजोबांचं नाव तुमच्या भागातल्या कुठल्या वहीत असतं? त्यांच्या खोल्या वेगळ्या, खानावळी वेगळ्या. काम करायची तयारी त्यांचीही होती. कामाने माणूस आपला होतो हे खरं, पण आधी कुणीतरी आत येऊ द्यावं लागतं.

मी स्वतः इंजिनियर. नोकरीसाठी पुण्यात खोली शोधताना घरमालकाने चहा पाजला, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग खोली कालच गेल्याचं सांगितलं. तो चहा मी विसरलो नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. मी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत वाढलो. एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि बाहेर लांब पॅसेज. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, डोक्यावर बोचकी घेऊन. आमच्या चाळीतली पोरं शिवाजी पार्कात पाणी आणि जेवण वाटायला उभी राहायची. मी नववीपासून पुस्तकांच्या स्टॉलवर. तिथे एक म्हातारी यायची, वाचता येत नव्हतं, तरी दर वर्षी एक पुस्तक घेऊन जायची. नातवासाठी, म्हणायची. कुठलं देऊ विचारलं की म्हणायची, "तूच सांग, तू वाचलंयस." त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर वाचायचो.

पुढे नोकरीने हैदराबादला गेलो. तेलुगू शून्य. तिथल्या एका विहारात पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. वंदना सुरू झाली, बुद्धं सरणं गच्छामि, आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले. पाली ना त्यांची, ना माझी. शेजारच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि सतरंजीवर सरकून जागा दिली. आडनाव कुणी विचारलं नाही. १४ एप्रिलला टँक बंडच्या पुतळ्यापाशी मी त्याच माणसाबरोबर स्टॉल लावला. म्हणजे माझ्या बाबतीत आधी जागा मिळाली, काम नंतर आलं.

तुमच्या संकुलात तुम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची आहे. ज्यांना खुर्चीच नाही अशी माणसं तिथे कोण आहेत, हे एकदा बघा. पाळीवर काम करणारी माणसं तुमच्या गेटवर आणि तळघरात आजही असतील.

चिंचपोकळीची लेक

बी.डी.डी. वरळी, वाईट कशाला वाटेल? तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. वही डोळ्यांसमोर आणून बघितली. तिच्यात आमच्या गावची, शेजारच्या दोन-तीन गावांची आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांचीच नावं होती. वडील साच्यावर होते, त्यांनी धोट्याची गोष्ट घरात कधी काढली नव्हती. तुमच्या त्या आजींचं वाक्य मी सुनेला वाचून दाखवलं.

तळघराचं म्हणाल तर एक सांगते. इथे आल्यावर माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली ती मराठी गटातली कुणी नव्हे. जिना पुसणारी बाई. फोनवर माझं बोलणं ऐकून तिने विचारलं, "मावशी, तुमी मराठी हाव काय?" ती बिदर जिल्ह्यातली, भालकीची. तिच्या घरी मराठी, शाळा कानडी, इथे सगळ्यांशी हिंदी. तिच्याबरोबर गावाकडच्या सात-आठ जणी एका खोलीत राहतात. माझ्या डोक्यात लगेच वळकट्या आणि ट्रंका आल्या. पण मी तिला जेवणाचं काय करता हे कधी विचारलं नाही. उद्या विचारते.

लोदची आजी

शालोम आणि नमस्कार. मी इस्राएलमधून लिहिते आहे, लोद शहरातून. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. माहेर पनवेलचं, १९७१ मध्ये आईवडिलांबरोबर इकडे आले. नातवाने फोनवर मराठी अक्षरं बसवून दिली, तेव्हापासून इथे वाचते.

आमची गोष्ट थोडक्यात सांगते. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कोकणात घाणे घातले, तेल काढलं, शनिवारी काम बंद ठेवलं म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आडनावं गावांवरून, पेणकर, किहीमकर, नवगावकर. तिथे आम्ही शेजाऱ्यांत मिसळलेले पण वेगळे. इकडे आलो तर इकडे आम्ही "होदू"चे, म्हणजे हिंदुस्थानचे. माझ्या येण्याआधी तर आमचं यहुदीपणच लग्नाच्या बाबतीत तपासायचं ठरलं होतं. आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे १९६४ मध्ये संसदेने सांगितलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. म्हणजे ज्यांच्यात जायचं म्हणून समुद्र ओलांडला, त्यांच्यात आपण आहोत हे ठरायलासुद्धा भांडावं लागलं.

चिंचपोकळीच्या ताई, तुमचं काम मागण्याचं मला पटलं नाही. मी काय केलं ते सांगते. आमच्या जिन्यात समोरची बाई मोरोक्कोची. तिला अरबी आणि फ्रेंच, मला मराठी, हिब्रू दोघींचीही मोडकी. पहिल्या हिवाळ्यात घरात रॉकेलची शेगडी होती, खोली गरम करायची. ती मला पेटवता येईना. नुसता धूर. आई म्हणाली, स्वेटर घाल आणि गप्प बस, परक्यांसमोर कशाला. मी तरी दार ठोठावलं आणि धूर दाखवला. ती आली. वात बाहेर काढली, कात्रीने टोकं सारखी कापली, रॉकेल मुरेपर्यंत थांबायला लावलं, मग पेटवली. तोपर्यंत आम्ही दोघी जमिनीवर बसून होतो, काही न बोलता. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, तिच्या पोराचा ताप किती आहे ते बघायला. तिला थर्मामीटर वाचता येत नव्हता.

मी आधी तिला मदत करायला गेले असते तर तिने दार उघडलंच नसतं. तीही घरात नसलेलं काही दाखवणार नव्हती, मीही नाही. आपल्याला काय येत नाही ते कुणाला तरी दाखवावं लागतं. पन्नास वर्षं झाली. आमच्या घरी एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचा मलिदा असतो, पोहे, गूळ, खोबरं आणि पाच फळं, तेव्हा त्या ताटातला पहिला वाटा तिच्या घरी जातो. आता तिच्या नातीकडे जातो.

तुम्हाला बंगळुरूत काय येत नाही, ताई? कानडी येत नसेल. मग कुणाला तरी सांगा, मला शिकव म्हणून. मुलांच्या वर्गात नका जाऊ. एका माणसाला सांगा.

चिकपेटचा भावसार

नमस्कार. मी बंगळुरूचाच. माझ्या मराठीत चुका असतील, समजून घ्या. आमच्या घरी मराठी बोलतात पण माझी शाळा सगळी कानडी माध्यमाची. देवनागरी हिंदीमुळे येते.

आम्ही भावसार क्षत्रिय, मूळ धंदा रंगाऱ्याचा आणि शिंप्याचा. बंगळुरूच्या जुन्या पेटेत आमची आणि नामदेव शिंपी समाजाची घरं कितीतरी पिढ्यांपासून आहेत. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली होती सतराव्या शतकात, तेव्हापासून इथे मराठी आहे. आमचे लोक नेमके कधी आले यावर घरोघरी वेगळी गोष्ट ऐकाल. ते जाऊ द्या.

व्हाइटफील्डकडे जे नवे मराठी लोक आलेत, ते आम्हाला मराठी धरत नाहीत, कारण आमची मराठी वेगळी. आम्ही "मी येतो की" म्हणतो, कानडी शब्द मध्ये मध्ये घालतो. इथले कानडी शेजारी मात्र आम्हाला कानडीच धरतात, आणि मी पण स्वतःला कन्नडिग म्हणतो, त्यात मला काही अडचण वाटत नाही. दोन्ही मी आहे.

काकू, तुम्ही विचारलं, कुणाचं काय अडतं? आमचं अडलंय. आमच्या विठ्ठलमंदिरात दर एकादशीला भजन असतं. तुकोबांचे, नामदेवांचे अभंग म्हणतो, पण पुस्तकं कानडी लिपीतली आहेत. मराठीतले दोन "च", दोन "ज" त्या लिपीत दिसत नाहीत. "चंद्र"मधला आणि "चूक"मधला च वेगळा म्हणायचा, हे आमच्या आजोबांना कानाने माहीत होतं. आता जुने लोक गेले. आमची पोरं "माझे माहेर पंढरी" म्हणतात तेव्हा "झ" कसा म्हणायचा यावर भांडण होतं. अर्थ पण अर्धाच कळतो. मागच्या आषाढीला एका मुलीने विचारलं, "जें का रंजले गांजले" यात गांजले म्हणजे काय, तर मला नीट सांगता आलं नाही. आणि एक जुनं बाड आहे हाताने लिहिलेलं, देवनागरी, पण अक्षर असं जुनं की मला लागत नाही.

तुम्ही मालवणकडच्या, भजन तुमच्या घरात असणार. चिंचपोकळीला बुवांची डबलबारी, दोन भजनी बुवांचा सामना, ऐकली असेल. आमच्याकडे याल का? आमच्या आईला पण बरं वाटेल, ती ८१ वर्षांची आहे, मराठी बोलायला माणूस शोधते. कानडी ती शिकवेल तुम्हाला. ती कुणालाही "ऊटा आयता?" म्हणजे जेवलात का, हे विचारल्याशिवाय सोडत नाही.

चिंचपोकळीची लेक

चिकपेटचे भाऊ, वाचता वाचता उठून उभी राहिले. डबलबारी ऐकली आहे, नाही कशी? वडील स्वतः झांज वाजवायचे, आणि गणपतीत आमच्या खोलीत रात्रभर भजन असायचं. "गांजले" म्हणजे छळाने, जाचाने पिचलेले. त्या मुलीला सांगा, रंजले म्हणजे दुःखी, गांजले म्हणजे दुसऱ्याने पिडलेले. तुकोबांनी दोन्ही शब्द का घातले ते समोर बसून बोलू. जुनं अक्षर मी वाचू शकेन. आईच्या काळच्या उधारीच्या चिठ्ठ्या वाचून डोळे तयार झाले आहेत.

लोदच्या आजी, तुमचं म्हणणं दोन दिवस डोक्यात होतं. भालकीच्या बाईला मी आज म्हटलं, मला कानडी शिकव. ती आधी लाजली, मग म्हणाली, "मावशी, माजी कानडी गावची हाय, इथले हसत्यात." मी म्हटलं, गावचीच दे. जेवणाचंही विचारलं. आळीपाळीने करतात, पण ज्या दिवशी रात्रपाळीवालीचा नंबर असतो त्या दिवशी पावावर भागवतात. रविवारी त्यांच्या खोलीवर बोलावलंय मला. मुलाला सांगितलं, तो म्हणाला सोडायला येतो. मी म्हटलं, खाली गेटपर्यंत ये.

चिकपेटचे भाऊ, मेट्रोने कसं यायचं? मुलगा कॅब करून देतो म्हणतो, पण मला रस्ता माझा माहीत हवा. आणि एकादशीला तुमच्याकडे टाळ पुरेसे आहेत का? घरी वडिलांची झांज आहे, इंदूरहून आणली आहे, ती आणते.

चिकपेटचा भावसार

काकू, तुमच्याकडून जांभळी लाइन धरा. मॅजेस्टिकला उतरून हिरवी लाइन घ्या, दक्षिणेकडे जाणारी. पुढचंच स्टेशन चिकपेटे. बाहेर आलात की मी उभा असेन, सोबत आई पण येते म्हणते, नको सांगितलं तरी ऐकणार नाही.

टाळ आहेत, झांज नाही. नक्की आणा. भजन संध्याकाळी सातला, पण तुम्ही पाचलाच या, बाड त्या वेळेला उजेडात वाचता येईल. उपासाचं तुमचं काय असतं ते कळवा. आमच्याकडे साबुदाणा करतात, पण आई म्हणते मालवणच्या लोकांना वरई लागते.